इंजिनातली दोन पाणी

बाबा, आज सकाळी मी बोटीत बसून समुद्रात गेले. तुझ्या भावाच्या मुलाची बोट. चौकाच्या बंदरातून निघालो आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परत आलो. तुला यात काय विशेष वाटणार, तुझं तर सगळं आयुष्य पाण्यावर गेलं. पण तू गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत, आणि त्याच्याही आधीची काही वर्षं, मी पाण्यातल्या बोटीवर पाय ठेवला नव्हता. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली की मी तिच्या इंजिनाच्या खड्ड्यात उतरते, कोपरापर्यंत हात काळे करून घेते, दुपारचं जेवण विसरते. ती पाण्यात गेली की मी काठावर. गावात आता याबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही. बंदराच्या वाटेवर माझं दुकान आहे, बोटींच्या इंजिनाच्या सामानाचं. पाण्याचे पंप, रबरी पाईप, क्लिपा, गाळण्या, जस्ताच्या कांड्या. रोज भाईंदरहून बसने येते, शटर उघडते, उदबत्ती लावते आणि दिवसभर लोकांना त्यांच्या इंजिनातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते समजावत बसते. आत्ता संध्याकाळ झाली आहे. समोरून मासळीच्या टोपल्या घेऊन रिक्षा डोंगरीकडे निघाल्यात. माझ्या पायांखाली अजून फरशी हलतेय, म्हणून म्हटलं तुला लिहावं.

काकाचा मुलगा तू गेलास तेव्हा शाळेत जात होता. आता तो तांडेल आहे, बोट तोच चालवतो, आणि कानांवरचे त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. हसताना अगदी काकासारखा दिसतो, वरचा ओठ एका बाजूला जातो. या हंगामाच्या सुरुवातीला त्याने बोटीत नवं इंजिन बसवलं. बंदरात उभं असताना ते शहाण्यासारखं चालायचं, पण बाहेर जाऊन फुल्ल मारलं की गरमीचा काटा हळूहळू लाल पट्ट्यात. मग इंजिन कमी करायचं, काटा खाली येण्याची वाट बघायची, आणि रांगत रांगत परत यायचं. मेकॅनिक येऊन गेला. त्याने बंदरातच चालवून पाहिलं आणि काही नाही म्हणून गेला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. खलाशांच्या मनात भीती बसली. एका दिवशी लांब गेल्यावर इंजिन आवळून बसलं तर काय, असं ते आपसात बोलायला लागले. माझा हा चुलत भाऊ दुकानात येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "ताई, इंजिन उतरवतो आता. परत देऊन टाकतो. माझं डोकंच चालत नाहीये." मी त्याला चहा दिला. पाईप तपासलास का, पंप उघडलास का, गाळणी बघितलीस का, सगळं विचारलं. सगळं बघून झालं होतं. "तू एकदा चल ना बाहेर," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी नाही येत, तुला माहितीये." तो उठला. चहा तसाच ठेवून गेला.

तो गेल्यावर मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. पावसाळ्यात बोटी वर असायच्या आणि तू बोटीचं इंजिन तुकड्यातुकड्यांनी घरी आणायचास. आईला हे अजिबात आवडायचं नाही. एकदा ती बाजारातून आली तर तू चुलीजवळ मांडी घालून बसलेला, समोर भाकरीची परात, परातीत आंबट पाणी, आणि त्यात बुडालेला कूलर, म्हणजे तांब्याच्या बारीक नळ्यांचा तो जुडगा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा खार साठलेला. तू बांबूची काडी तासून बारीक केली होतीस आणि एकेका नळीत घालून हलक्या हाताने फिरवत होतास. आई दारातच थांबली. "ही माझी भाकरीची परात हाय," ती म्हणाली. तू मान वर न करता म्हणालास, "मंग? याला पन भूक हाय." तिने ओल्या पदराने तोंड पुसलं आणि ती हसायला लागली, राग आला असताना हसू आलं म्हणून पुन्हा रागावली. मी शेजारी उकिडवी बसून त्या नळ्यांतून चुलीचा जाळ बघतेय. प्रत्येक नळीत एक लहानशी केशरी टिकली. लोखंडाची सळई का नाही वापरायची, मी विचारते, आणि तू माझा गाल बोटाने घासतोस. "तुला असं चालंल का सळईनं? तांबा मऊ असतो. आत ओरखडा पडला का तितंच खार बसतो."

त्याच दिवशी तू मला दोन पाण्यांची गोष्ट सांगितलीस. इंजिनात एक गोडं पाणी असतं, ते घरचं. विहिरीवरून आणून एकदा भरलं की तेच आतल्या आत फिरत राहतं, तापलेल्या लोखंडाच्या अंगाखांद्यावरून जातं आणि त्याचा ताप आपल्या अंगावर घेतं. दुसरं खारं पाणी, ते बाहेरचं. बोटीच्या तळाच्या भोकातून वर येतं, वॉलमधून, म्हणजे पाणी चालू-बंद करायच्या चावीतून, मग गाळणीतून, मग पंपातून. पंपात रबराचं एक फूल असतं, पाकळ्या वाकवत वाकवत ते पाणी पुढे ढकलतं. कूलरमध्ये दोघं समोरासमोर येतात. नळ्यांच्या आतून एक, बाहेरून दुसरं, मध्ये कागदाएवढी तांब्याची भिंत. "एकमेकांत मिसळत न्हाईत," तू म्हणालास, "मिसळले तर इंजिन मेला. नुसता ताप इकडचा तिकडं जातो. मंग खारा पानी बाहेर, आपल्या समुद्रात परत." आणि हात हलवून ते कसं परत जातं ते दाखवलंस, जसं काही पाहुण्याला निरोप देतोयस. त्या रात्री मी झोपेत त्या नळ्यांतून गेले. तांबूस उजेड, भिंतीपलीकडे कुणीतरी बरोबरीने चालतंय असा भास, आणि मी थंड होत होत एका भोकातून समुद्रात पडले. ते स्वप्न मला पुढे कितीतरी वर्षं पडत राहिलं. अजूनही कधीतरी दुपारी दुकानात डोळा लागला की पडतं, आणि जाग आल्यावर तोंडात खारट चव असते.

तू मला एकदाच मारलंस. बोट नुकतीच बाहेरून येऊन किनाऱ्याला टेकली होती आणि मी हौसेने खड्ड्यात वाकून गोड्या पाण्याच्या टाकीच्या टोपणाला हात घातला. पाणी किती आहे ते मी बघणार होते. तुझा हात कुठून आला कळलंच नाही, माझ्या मनगटावर फाडकन बसला. मी रडत वर आले. तू मला हाताला धरून पुन्हा खाली नेलंस, आणि आपण दोघं तिथे बसून राहिलो, इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. बऱ्याच वेळाने तू टोपणावर ओलं फडकं टाकलंस, मला मागे सारलंस, आणि टोपण अगदी किंचित सैल केलंस. तरीसुद्धा फुस्सकन वाफ आली आणि फडकं वर उचललं गेलं. "बगितलंस? गरम असताना उघडलं असतंस तर तोंडावर आलं असतं." मग माझं मनगट हातात घेऊन त्यावर फुंकर घालत राहिलास. मला तर भाजलं नव्हतंच. माझ्या दुकानात नवं टोपण घ्यायला कुणी आलं की मी ते हातात देण्याआधी ही ताकीद देते. लोकांना वाटतं मी फार बोलते.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी तुझं काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं. तू गाळणीचं झाकण बसवताना आट्यांवर बोट फिरवून सुरुवात शोधायचास. पाईपच्या रबराला तडे गेलेत का ते पूर्वी लांबून सांगायचास, आता दाबून, वाकवून, नखाने खरवडून बघायला लागलास. एके दिवशी गोडं पाणी बादलीत काढलं आणि तू मला विचारलंस, "कसा रंग हाय?" मी म्हटलं, "गढूळ, गंजासारखा." "तेल तरंगतंय का वर?" बादली तुझ्या पायाशी होती, बाबा, आणि वर उन्हाचा कवडसा पडला होता. मी तुझ्याकडे बघितलं. तू बादलीच्या जरा बाजूला बघत होतास. साखरेने डोळे नेले होते हे आपल्याला डॉक्टरने पुढे सांगितलं, त्या दिवशी मला एवढंच कळलं की तुला दिसत नाही. तू माझा श्वास ऐकला असशील, कारण लगेच म्हणालास, "आईला सांगू नको. काकाला तर न्हायच न्हाय." मी हो म्हटलं. त्या पावसाळ्यात मी तुझे डोळे झाले. तू हात लावायचास, मी बघायचे, आणि दोघं मिळून ते इंजिन आपण असं लावलं की त्याचा एकही नट उपरा वाटत नव्हता. पंपातलं रबरी फूल बसवताना त्याच्या पाकळ्या सगळ्या एका बाजूला वाकवून आत सरकवायच्या असतात. ते तू मला डोळे मिटून करायला शिकवलंस. बघितल्यावर हात घाबरतो, म्हणायचास.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरली. पहिली फेरी नुसती चाचणीची, जाळी नव्हती, खलाशी नव्हते. काका सुकाणूवर, तू इंजिनाशी, आणि मी हट्ट करून आलेली. आसपास सगळ्या बोटी पताका लावून फिरतायत, कुणाच्या बोटीवर बँजो वाजतोय, फटाके फुटतायत. समुद्र इतका चकचकीत की बघवत नाही. मी बोटीच्या काठावर बसून बाजूच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याकडे बघतेय, इंजिनातून फिरून आलेलं आपलं खारं पाणी, भकभक पडतंय, त्यात इंद्रधनुष्य दिसतंय. आणि बघता बघता ते बारीक झालं आणि थांबलं. भोकातून कोरडा पांढरा धूर यायला लागला. तू एरवी त्या पाण्याचा आवाज कानाने धरून असायचास, पण त्या बँजोत आणि फटाक्यांत तुला तो थांबल्याचं कळलं नाही. मी ओरडले असते तर काकाने विचारलं असतं, तुझ्या बापाला दिसत नाही का. मी ओरडले नाही. धावत येऊन खड्ड्याच्या तोंडाशी पालथी पडले, तुझा हात धरला आणि खाऱ्या पाण्याच्या पाईपवर ठेवला. चटका बसून तू हात मागे घेतलास आणि त्याच झटक्यात इंजिन बंद केलंस.

बोट गप्प झाली आणि समोरचे खडक किती जवळ आहेत ते दिसलं. भरती होती, वारा किनाऱ्याकडे होता. काकाने नांगर टाकला, पण खाली दगडी तळ, नांगर धरेना, खरडत यायला लागला. "काय झाला?" काका ओरडला. "पानी बंद झाला," तू खालून म्हणालास, अगदी जेवायला वाढ म्हणाल्यासारखं. वॉल बंद केलास. गाळणी उघडलीस, आतून एक फाटकी पिशवी ओढून काढलीस, दुधाची असावी. मला वाटलं झालं. पण तू पंपाचं झाकण उघडलंस आणि रबरी फूल बाहेर काढलंस. पाण्याशिवाय फिरून ते जळलं होतं, पाकळ्या तुटल्या होत्या. तू तुकडे वेचून तळहातावर मांडलेस, एकेक पाकळी तिच्या जागी लावून बघितलीस. काका वरून ओरडतोय, "अरे नवीन टाक ना, बोट खडकाला लागतेय, काय करतोस तू!" आणि तू म्हणतोस, "एक पाकळी कमी हाय." ती कुठेतरी पुढच्या पाईपमध्ये अडकली असणार, आणि ती तशीच राहिली तर पुन्हा पाणी अडवणार. तू पाईपची क्लिप सोडवलीस, करंगळी आत घातलीस, डोळे मिटलेस. का मिटलेस बाबा, उघडे असून तरी काय होतं? लाटेने बोट उचलली आणि मला खडकांवरच्या कालवांची पांढरी तोंडं दिसली, हात लांब केला तर लागतील इतकी. मला वाटलं, आता. मी त्या क्षणी जे घाबरले ती भीती तिथून पुढे कधी पूर्ण उतरलीच नाही. आणि तुझ्या बोटाच्या टोकाला ती पाकळी चिकटून बाहेर आली. नवं फूल तू एका हाताने पाकळ्या वाकवून आत सारलंस, झाकण, नट, वॉल, आणि इंजिन सुरू. काकाने सुकाणू असं फिरवलं की बोट जागच्या जागी वळली आणि आपण खडकांपासून सुटलो.

तू घामाने निथळत वर आलास. काठाला धरून बाहेर वाकलास, आणि विचारलंस, "पानी आयला का?" पाणी तुझ्या नाकासमोर पडत होतं. शिंतोडे तुझ्या तोंडावर उडत होते. मी म्हटलं, "आलं, बाबा." तेवढ्यात मी काकाकडे बघितलं. तो आपल्याकडेच बघत होता.

काकाने किनाऱ्याला बोट लावली, लोक पांगले, मग वाळूत तुझ्या शेजारी येऊन बसला. "कवापासून दिसत न्हाय तुला?" तू म्हणालास, "कमी होत होता कदीचा. आता तर तुजा तोंड पन दिसत न्हाय. ते बराच हाय म्हना." काका हसला आणि हसताहसता त्याने डोक्यावरचं फडकं काढून डोळ्यांना लावलं. थोड्या वेळाने म्हणाला, "इंजिनाच्या खड्ड्यात दिसतंय कुनाला? तितं तसाही अंधार. तू येत जा. मी हाय ना वर." मला वाटलं तू हो म्हणशील. मनातून मी देवाला हात जोडून बसले होते. तू वाळू मुठीत घेऊन सोडत राहिलास. "आज बाय होती," तू माझ्याकडे हात करून म्हणालास. एवढंच. काकाने पुन्हा विचारलं नाही. घरी निघताना तू खांद्यावरच्या पिशवीतून तुझी पितळी टॉर्च काढून मला दिलीस. मला आता हिचा काय उपेग, म्हणालास. ती मी पुष्कळ वर्षं वापरली. मग आतली बॅटरी फुटून ती गंजली, आणि मी टाकून दिली. वाईट वाटलं नाही. तुला हे चालेल, तू कुठली वस्तू मोडल्यावर तिची पूजा करणाऱ्यातला नव्हतास.

तुझी शेवटची वर्षं बंदराजवळच्या भिंतीला टेकून गेली. येणाऱ्या बोटींचा आवाज ऐकून तू सांगायचास, याची गाळणी तुंबली, त्याचा पंप म्हातारा झाला, आणि लोक खरंच थांबून विचारायचे. मी शेजारी बसून सामान विकायला लागले, आधी पाटीत, मग या गाळ्यात. आई रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि आपल्या दोघांच्या मध्ये बसायची. तुझे पाय सुजायला लागले, मग तू भिंतीशी यायचा थांबलास, मग एका सकाळी तू नव्हतास. काकाने त्या दिवशी बोट काढली नाही. गावातल्या कुणीच काढली नाही.

आता पुन्हा या आठवड्यातलं सांगते. भाऊ चहा न पिता गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा जुना खलाशी दुकानासमोर बसची वाट बघत उभा होता. झारखंडचा आहे, बरीच वर्षं याच्याकडे आहे, सगळ्यांना त्याच्या हातची मच्छी आवडते. खांद्यावर बॅग. मी विचारलं, "कहाँ?" "घर जा रहा हूँ, दीदी. उस इंजन का भरोसा नहीं. बच्चे छोटे हैं मेरे." बोलताना त्याने मान खाली घातली होती, भावाला असं मध्येच सोडून जाताना त्याला बरं वाटत नव्हतं. मी त्याला आत बोलावलं. काटा वर चढण्याआधी बाहेर पडणारं पाणी कसं असतं, मी विचारलं. तो आठवायला लागला. "पानी आता है. बंद नहीं होता. पर फुल मारने पे पतला हो जाता है." कमी इंजिनावर जाड, फुल्लवर बारीक. उलटं व्हायला हवं. पंप जितका जोरात फिरेल तितकं पाणी जास्त यायला हवं. म्हणजे कुठेतरी काहीतरी असं आहे जे ओढ वाढली की अडवतं, आणि ओढ कमी झाली की निरागस होऊन बसतं. ते बंदरात कधीच सापडणार नव्हतं. बस आली, खलाशी उठला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "रुको. कल सुबह मैं चलती हूँ, तुम भी चलो." तो बघतच राहिला. बस निघून गेली.

आज सकाळी समुद्र कसा होता सांगू? दुधावर साय धरावी तसा. धुकं पाण्याला टेकलेलं, खडक दिसत होते आणि नव्हतेही. भावाने मला हात देऊन बोटीवर घेतलं आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मी त्याला म्हटलं, मी खड्ड्यातच राहणार, वर काय चाललंय ते मला दाखवू नकोस. फळी उचलून मी पालथी पडले आणि गालाखाली फडकं घेतलं. इंजिन हळू चाललं होतं. मी एकेक पाईप हातात धरत गेले. पंपापासून कूलरपर्यंत थंड, कूलरपासून पुढे कोमट, गोड्याचा पाईप गरम, जिथे गरम असायला हवा तिथेच. मग "फुल्ल!" म्हणून ओरडले. सगळं अंग थरथरायला लागलं, दात सुद्धा. मी हात इंजिनाच्या मागे, फळीखाली, खोल घातला, जिथे तळाच्या वॉलपासून गाळणीपर्यंतचा वीतभर पाईप असतो आणि जिथे कुणाची मान वळत नाही. आणि तो माझ्या मुठीत चपटा झाला. गाल आत ओढून घ्यावेत ना, तसा. "कमी कर!" तो फुगून पुन्हा गोल झाला. "फुल्ल!" पुन्हा चपटा.

मी आतूनच हसायला लागले. भावाला वाटलं मला काही झालं, तो खलाशाच्या हाती सुकाणू देऊन धावत आला. मी त्याचा हात ओढून त्या पाईपवर ठेवला. "च्यायला," तो म्हणाला, आणि मग, "सॉरी ताई." इंजिन बसवताना कुणीतरी तेवढ्या तुकड्यासाठी साधाच पाईप लावला होता, आत तारेचं वेटोळं नसलेला. पंप जोरात ओढायला लागला की तो आत मिटायचा. वरून बघितलं तर नवाकोरा, काळाभोर. मी पिशवीत तारेचा पाईप मापाने कापून आणलाच होता, जे जे मोडू शकेल त्याचं जादा सामान बरोबर घेऊन निघायची खोड तुझीच. इंजिन बंद केलं, वॉल बंद केला, जुना काढला, नवा चढवला, दोन्ही टोकांना दुहेरी क्लिपा आवळल्या. बोट मोकळ्या समुद्रात एकटीच डुलत होती. धुकं विरत होतं. कुठेच काही जवळ नव्हतं. सुरू केल्यावर भावाने फुल्ल मारलं आणि तिघं काट्याकडे बघत बसलो. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला, म्हातारा ओट्यावर बसतो तसा. खलाशी बाहेर वाकला होता. "मोटा!" तो ओरडला. "दीदी, मोटा पानी! देखो तो!" मी वर येऊन बघितलं. भकाभक पडत होतं. भावाचा ओठ एका बाजूला गेला होता. खलाशाने घरी फोन लावून सांगितलं की तो येत नाहीये, आणि पलीकडून कुणीतरी बाई बराच वेळ रागावत राहिली, आणि तो हसत ऐकत राहिला.

परतताना मी खड्ड्यात गेले नाही. पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला, जाऊन बसले, पाय खाली सोडून. किनारा समुद्रातून असा दिसतो हे मी विसरूनच गेले होते. डोंगर, त्याच्यामागे मीरा रोडचे ते उंच टॉवर, धुक्यात मधूनच एखादी खिडकी चमकते आणि विझते, खाली गाव, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी, एवढ्याशा. कुणीतरी मला एका हाताने झोका देत असल्यासारखी बोट वरखाली होत होती. एक समुद्रपक्षी बराच वेळ आमच्या बरोबरीने उडत आला, पंख न हलवता. माझे हात मांडीवर होते, तेलाने काळे, आणि त्यांना काही करायचं नव्हतं.

शटर ओढायची वेळ झाली. हे कागद इथेच वजनाखाली राहतील, कुठे न्यायचे नाहीत. एक मात्र लिहून ठेवते, कारण तुझ्यापासून मी फारसं काही लपवलेलं नाही. सगळ्यांना वाटतंय मी आज दिवसभर तुलाच आठवत असणार. भावानेही बंदरावर उतरताना म्हटलं, काका असते तर. त्याचा काका म्हणजे तू. मी मान हलवली. पण खरं सांगू, बाबा? त्या परतीच्या वाटेवर, नाळेवर बसून, मला तुझी आठवण एकदाही आली नाही.